वर्गातून उठवणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. करिअर मार्गदर्शक साहेब,
मुक्काम : ज्या एसटी स्टँडसमोर यंदा बॅनर लागला असेल तो.

विषय : ‘कॉलेजात जाणं बंद कर, काय फरक पडतो’ या आपल्या मोफत सल्ल्याबाबत.
संदर्भ : आपल्या सल्ल्यावरून वर्गातून उठून गेलेला आमच्या वाडीतला एक मुलगा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या सल्ल्याची फळं विजयदुर्गापर्यंत पोचली. हापूसचा हंगाम संपता संपता आली, तरी आम्ही ती गोड मानून घेतली. आभार मानायला उशीर झाला, क्षमा असावी.

मी कोण, हे आपल्याला ठाऊक असायचं कारण नाही. एका कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या आतल्या बाजूला माझी नोकरी झाली. बाहेर उभं राहून ओरडणारी माणसं आणि आत बसून ‘उद्या या’ म्हणणारी माणसं, दोन्ही मी जवळून पाहिली. दुसऱ्या प्रकारात तर मी स्वतःच होतो. आता घरी असतो. निवृत्तीनंतर लोक विसरतील असं वाटलं होतं, पण जून लागला की ओटीवर प्लास्टिकच्या फायली येऊन बसतात. त्यातल्या बऱ्याच फायली आपल्या कृपेनं जाड झालेल्या असतात.

तर हा मुलगा. नाव सांगत नाही, आपल्याला आठवणारही नाही. बाप इथल्याच बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. २०२४ साली मुलगा बारावी सायन्स झाला आणि जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीला बसला. गणपती होईपर्यंत त्याचं मन उडालं. केमिस्ट्री डोक्यात शिरेना, दोन मित्र कोल्हापूरला कॉम्प्युटरला गेलेले, त्यांचे फोटो मोबाइलवर येत होते. अशा वेळी नेमके आपण भेटलात. देव भेटतो तो असाच, न बोलावता.

आपण त्याला म्हणालात, इथं वर्ष घालवू नकोस. वर्गाला जाणं बंद कर. जूनमध्ये कोल्हापूरला थेट सेकंड इयरला ट्रान्सफर करून देतो, माझी ओळख आहे. पोरानं शंका काढली, मग इथलं नाव? आपण उत्तर दिलंत, राहू दे की, काय फरक पडतो.

जूनमध्ये बाप माझ्या ओटीवर आला तेव्हा फाईल मांडीवर ठेवून पहिलं वाक्य तेच बोलला. “साहेबांनी सांगल्यानी काय एक फरक पडना नाय. आता ते फोन उचलनत नाय.” आपण कामात असणार. प्रवेशाचा हंगाम होता.

फाईल उघडली. वर पहिल्या सत्राची गुणपत्रिका. तिच्याकडे थोडं बघू या, कारण आपल्या हस्तकलेचा नमुना म्हणून ती जपून ठेवण्यासारखी आहे. विषयांची नावं ओळीनं छापलेली. प्रत्येक विषयापुढे अंतर्गत गुणांचा एक रकाना आणि लेखी परीक्षेचा एक. लेखीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘गैरहजर’ची इंग्रजी खूण. परीक्षेचा फॉर्म त्यानं वर्गात असतानाच भरला होता, त्यामुळे विद्यापीठानं त्याची वाट पाहिली, बैठक क्रमांक दिला, बाक राखला. पोरगा गेला नाही. मात्र एका विषयाच्या अंतर्गत परीक्षेत त्याला मार्क होते, आणि चांगले होते. त्या दिवशी तो कॉलेजात गेला होता, एवढंच. खाली मिळवलेल्या क्रेडिट्सची बेरीज : शून्य.

ही गुणपत्रिका घेऊन बाप-लेक कोल्हापूरला गेले. तिथल्या कारकुनानं ती पाहिली आणि विचारलं, सेकंड इयरला कशावर बसवू? माझ्या आयुष्यात मी बरेच प्रश्न ऐकले. इतका सरळ प्रश्न क्वचित.

साहेब, आपल्याला ठाऊक असेलच, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून सांगतो. सिंधुदुर्गातली कॉलेजं १८५७ च्या मुंबई विद्यापीठाखाली येतात. घाट चढलात की १९६२ चं शिवाजी विद्यापीठ. बांदा ओलांडलंत की १९८५ चं गोवा विद्यापीठ. विजयदुर्गाच्या मुलाला मुंबई रात्रभराच्या प्रवासावर आणि कोल्हापूर काही तासांवर, त्यामुळे त्याचं मन घाटावर ओढ घेतं यात नवल नाही. पण घाट चढताना गाडी बदलत नाही तरी विद्यापीठ बदलतं. मग नव्या ठिकाणी पूर्ण केलेल्या वर्षाच्या गुणपत्रिका लागतात, आधीच्या कॉलेजचा टीसी लागतो, आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन लागतं, नव्याकडून एलिजिबिलिटी लागते, आणि दोन्हीकडचे विषय जुळतात का ते तपासावं लागतं. ही तपासणी ‘माझी ओळख आहे’ या विषयात होत नाही. तो विषय अजून अभ्यासक्रमात आलेला नाही.

बरं, सेकंड इयर राहू दे, फर्स्ट इयरला नव्यानं बसू, असं बाप म्हणाला. समंजस माणूस. तर तिथं बारावीनंतरचा मूळ दाखला मागितला. तो पहिल्या कॉलेजात. पहिल्या कॉलेजात गेले, तर तिथं मुलगा अजून विद्यार्थी! नाव पटावर, फीचा दुसरा हप्ता थकलेला, वाचनालयाचं एक पुस्तक येणं बाकी. नो ड्यूजच्या कागदावर सह्या हव्यात : वाचनालय, प्रयोगशाळा, जिमखाना, लेखा विभाग. जिमखान्यात हा मुलगा कधी गेला नव्हता, पण सही तिथलीही लागते. मी स्वतः त्या कागदावर सह्या गोळा करायला लावून मुलांना फिरवलेलं आहे, म्हणून तो कागद काय चीज आहे हे मला सांगू नका.

इथे आपल्या सल्ल्यातली खरी कारागिरी दिसते. तारखा पाहा. मुलगा आपल्याला भेटला तो गणपतीनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये. त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं सूचना काढली होती : ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर फी पूर्ण परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी परत. म्हणजे आपण ज्या दिवशी ‘नाव राहू दे की’ म्हणालात, त्या दिवशी एका साध्या कागदावर ‘माझा प्रवेश रद्द करावा’ असं लिहून खिडकीवर दिलं असतं आणि पोच घेतली असती, तर फी आली असती, दाखला हातात आला असता, आणि पुढच्या जूनमध्ये तो कोऱ्या पाटीनं कोल्हापूरला उभा राहिला असता. एक वर्ष गेलं असतं, पण एकच. आपण त्याला वर्गातून उठवलंत आणि पटावर तसंच ठेवलंत. न शिकता विद्यार्थी राहण्याचा हा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो.

आणि दाखल्याचं म्हणाल तर आयोगाच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळून झाला की विद्यार्थ्याला परत द्यायचा असतो, अडकवून ठेवायचा नसतो. त्याच सूचनेत फी परतीच्या पायऱ्याही आहेत : शेवटच्या तारखेच्या आधी जितकं लवकर, तितकी जास्त फी, ती तारीख उलटून ३० दिवस गेले की काही नाही. हे आपण त्याला सांगितलं असतं तर बापानं तो कागद छापून खिडकीवर ठेवला असता. पण मग आपला सल्ला मोफत कसा राहिला असता? एवढी माहिती मोफत देणं परवडत नाही, मान्य.

दाखला मिळेना म्हटल्यावर आपण पुन्हा धावून आलात, हेही फाईलमध्ये दिसलं. आपल्या मोबाइलवरून आलेला निरोप पोरानं जपून ठेवलाय. आधीचं कॉलेज सांगूच नको. शाळेतून डुप्लिकेट दाखला काढ, हरवला म्हणून सांग. मधल्या वर्षाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र कर, घरी होतो म्हण.

धन्य आहे. अठरा वर्षांच्या पोराला आपण शपथेवर खोटं लिहायला सांगितलंत, तेही शेवटी ‘ऑल द बेस्ट’ची अंगठ्याची खूण टाकून. गॅपचं प्रतिज्ञापत्र मी शेकड्यांनी पाहिलं आहे. आजारपण, घरची अडचण, नीटची दुसरी खेप, खरं असतं तिथे कुणीही ते अडवत नाही. पण मधल्या वर्षात कुठेही प्रवेश घेतला नव्हता, असं त्यात शपथेवर लिहावं लागतं. खोटी शपथ हा गुन्हा आहे. शाळेचा दाखला आपण शेवटचा कधी वाचलात? त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की त्यात अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल. त्याच्या वर एक रकाना असतो ‘सोडण्याचे कारण’ आणि एक ‘शेरा’. या दोन रकान्यांत प्रामाणिक अर्धं वाक्य असलं तर मुलाचं काहीही बिघडत नाही. ‘वैयक्तिक कारणास्तव प्रवेश रद्द’ एवढं वाचून कुठल्याही कारकुनाची भुवई वर गेलेली मी पाहिली नाही. वर जाते ती रकाने आणि फॉर्म जुळले नाहीत की.

शिवाय लपवायचं कुणापासून? आता प्रत्येक विद्यार्थ्याचं अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं असतं. २०२१ च्या जुलैत आयोगानं त्याचे नियम काढले. बारा आकडी क्रमांक, डिजिलॉकरमधून उघडतो. पोरानं पहिल्या कॉलेजात नाव घातलं तेव्हाच त्याच्याकडून तो क्रमांक लिहून घेतला. कोल्हापूरच्या फॉर्मवरही तोच क्रमांक घालायचा आहे. म्हणजे आपण ज्याला सांगितलंत की कुणाला कळणार नाही, तो स्वतःच्या हातानं ते कळवणार आहे.

या बँकेबद्दल आपल्या बॅनरवर एक ओळ वाचली : ‘क्रेडिट ट्रान्सफर गॅरंटी’. छान ओळ आहे. फक्त या बँकेत उत्तीर्ण झालेल्या विषयाचंच क्रेडिट जमा होतं. दोन महिने बाकावर बसल्याचं होत नाही, भरलेल्या फीचं होत नाही, अर्धवट जर्नलचं होत नाही. जमा झालेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतं, ही चांगली सोय आहे. पण शून्य सात वर्षं सांभाळून ठेवलं तरी त्यावर व्याज चढत नाही. आमच्या मुलाच्या खात्यात आपण ट्रान्सफर करायला काहीच ठेवलं नाहीत, आता गॅरंटी कशाची देता?

बॅनरवरची दुसरी ओळ ‘मल्टिपल एन्ट्री, मल्टिपल एक्झिट : कधीही सोडा, कधीही या’. नवीन शैक्षणिक धोरण आपण वाचलंय याचा आनंद झाला. पान उलटलं असतं तर आणखी झाला असता. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही ही पद्धत सुरू झाली. तीत बाहेर पडायची दारं आहेत, पण ती वर्षाच्या शेवटी आहेत. पहिलं वर्ष पूर्ण करून, ४० ते ४४ क्रेडिट्स मिळवून आणि वर चार क्रेडिट्सचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पदवी सात वर्षांत पुरी करायची असते. ऑक्टोबरच्या एका मंगळवारी दप्तर घरी ठेवून बसलं तर त्याला त्या योजनेत एक्झिट म्हणत नाहीत. त्याला आमच्याकडे दांडी म्हणतात, आणि दांडीला ७५ टक्के हजेरीचा नियम लागू होतो.

तिसरी ओळ मी वाचून सोडून देणार होतो, पण राहवत नाही. ‘एकाच वेळी दोन पदव्या’. आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये ती परवानगी दिली, खरं. दोन्हीकडच्या वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, ही अट त्यात आहे. देवगडचा वर्ग आणि कोल्हापूरचा वर्ग एकाच पोरानं कसा गाठायचा, त्याचं वेळापत्रक आपण विजयदुर्ग आगारात लावून द्यावं. चालक-वाहकांनाही उत्सुकता आहे.

गैरहजरीला मान मिळालेला नाही असं मी म्हणत नाही. उलट या गावात तो पुरेपूर मिळालाय. दर १८ ऑगस्टला आमच्याकडे हेलियम दिन साजरा होतो. १८६८ सालच्या त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणात लॉकयर साहेबानं किल्ल्यावरून सूर्य पाहिला आणि हेलियम शोधला, असं गावात सांगतात. साहेबाचे ओटेही पर्यटकांना दाखवतात. आता त्या दिवशीचा हजेरीपट उघडला तर लॉकयर साहेब गैरहजर निघतात. ग्रहण पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आला होता. लॉकयर इंग्लंडात होते आणि त्यांनी ग्रहणाची वाट न बघता २० ऑक्टोबरला तिकडूनच सूर्याच्या कडेच्या रेषा पाहिल्या. विजयदुर्गला ते खरोखर आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. म्हणजे ज्या साली हजर त्या सालाचा उल्लेख नाही, आणि ज्या साली गैरहजर त्या सालाचं श्रेय दरवर्षी भाषणासकट. आपला सल्ला या एका माणसाला लागू पडला हे मी कबूल करतो. पण त्यानं इंग्लंडात बसून अभ्यास पुरा केला होता, हा तपशील आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही.

आपला गैरसमज नको. कॉलेज सोडणं हा गुन्हा आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. चुकीच्या शाखेत रडत तीन वर्षं काढण्यापेक्षा निघावं. शेजारच्या गिर्ये गावातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिलाही इथला विषय नको होता, घाटावर जायचं होतं, आणि घरी वडिलांची तब्येत बिघडलेली. ती डिसेंबरातच निघायला तयार होती. मी म्हटलं, मार्च-एप्रिलची परीक्षा देऊन जा. तिनं दोन्ही सत्रं दिली. एका विषयात अडकली, तो नंतर सोडवला. मग रीतसर अर्ज, नो ड्यूज, टीसी, मायग्रेशन. पलीकडच्या विद्यापीठात तिचे दोन विषय जुळले नाहीत, ते तिला जादा करावे लागले. कंटाळली, एकदा घाटातल्या बसमधून फोन करून मला चार शब्द सुनावलेही. पण सेकंड इयरलाच बसली. तिच्या फाईलमध्ये एकही खोटा कागद नाही आणि म्हणून फाईल पातळ आहे. अशा फायलीत आपल्याला काही मिळत नाही हे मी समजू शकतो.

आपला धंदा नुसता कोकणातच चालतो असंही नाही. इथून गेलेल्या एका कुटुंबातली मुलगी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात आहे. दोन वर्षांनी तिला कॅलिफोर्निया विद्यापीठात जायचंय. तिकडे तो राजमार्गच आहे : साठ सेमिस्टर-युनिट्स करायची आणि तिसऱ्या वर्षात शिरायचं. तिलाही तिथल्या आपल्या कुणा गुरुबंधूनं सांगितलं, जड जाणारा विषय सोडून दे, ‘डब्ल्यू’ मिळतो, तो सरासरीत धरत नाहीत. खरं आहे, धरत नाहीत. पण प्रगतिपुस्तकावर छापतात. सत्राच्या साधारण पहिल्या पंचमांशात विषय सोडला तर काहीच उमटत नाही, नंतर पाऊण सत्रापर्यंत सोडला तर डब्ल्यू, आणि त्याच्याही पुढे सोडायला गेलात तर सोडताच येत नाही, जी काय श्रेणी असेल ती घ्यायची. एखादा डब्ल्यू पाहून कुणी दार लावत नाही. ओळीनं चार दिसले, तेही नेमके ज्या शाखेत जायचं तिच्याच विषयांत, तर वाचणारा वाचतोच. अर्ज भरताना पुढच्या सत्रात अमुक विषय घेणार म्हणून लिहिलेलं असतं. त्यातला एक सोडला तर विद्यापीठाला कळवावं लागतं, नाही कळवलं तर दिलेला प्रवेशही काढून घेऊ शकतात. आणि पोर भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेलं असलं, तर बारा युनिट्सच्या खाली न विचारता उतरणं म्हणजे व्हिसाशी खेळ. तिथे निदान या साऱ्या तारखा सत्राच्या कॅलेंडरात छापलेल्या असतात, मुलीनं त्या वाचल्या आणि गुरुबंधूला नमस्कार केला.

आमच्याकडे तारखा सूचना फलकावर असतात. फलकाला काच असते, काचेला कुलूप असतं, आणि काचेच्या आत तीन वर्षांपूर्वीच्या रक्तदान शिबिराचा कागद सर्वांत वर असतो. म्हणून या पत्राची एक प्रत मी माझ्या जातभाईंना, म्हणजे खिडकीच्या आतल्यांनाही देतो आहे. मुलगा सलग पंधरा दिवस दिसला नाही तर घरी एक फोन करायला कुठलाही शासन निर्णय लागत नाही. डिफॉल्टरची यादी परीक्षेच्या तोंडावर लावण्यापेक्षा सप्टेंबरात लावली तर तिचा उपयोग होतो. प्रवेश रद्द करायला आलेल्या पोराला ‘सर रजेवर आहेत’ सांगून परत पाठवलं की ते पोर सरळ साहेबांच्या टेबलावर जाऊन बसतं. विद्यापीठालाही प्रत द्यायला हरकत नाही. २०१७ साली संगणकावर पेपर तपासण्याच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढचे प्रवेश अडले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं, हे अजून कुणी विसरलेलं नाही. हजर राहून, पेपर लिहूनही मुलं बाहेर राहिली. अशा घरातून आपल्यासारख्यांना गिऱ्हाईक मिळतं. आपण रोग नाही, साहेब. रोग असतो तिथे उगवणारे वैदू आहात.

चुकीचे सल्लागार या खाडीला नवे नाहीत म्हणा. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हनं इथे तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तेव्हा इंग्रजांना हाताशी धरणारे आपलेच पेशवे होते. पुण्यात तेव्हाही कुणीतरी म्हणालं असणार, काय फरक पडतो.

आता मुलाचं काय झालं ते सांगून संपवतो, कारण आपण विचारणार नाही. खोटं प्रतिज्ञापत्र केलं नाही. बापानं भिशी उचलून थकलेला हप्ता भरला. पुस्तक मित्राच्या खोलीवर सापडलं, पहिली चार पानं उंदरानं खाल्लेली; त्याचे पैसे वेगळे. चार सह्यांना पाच खेपा झाल्या. दाखल्यावर शेरा आला : ‘स्वतःच्या विनंतीवरून प्रवेश रद्द’. कोल्हापूरला तोवर प्रवेशाची मुदत गेली होती. त्यामुळे पोरगा सध्या बापाबरोबर बोटीवर जातो आणि जूनची वाट पाहतो. फर्स्ट इयरला बसेल. दोन वर्षं गेली. त्यातलं एक त्याच्या मनाचं होतं, ते मी त्याच्या नावावर टाकतो. दुसरं निव्वळ आपलं.

त्या दुसऱ्या वर्षाची भरपाई आपल्याकडे मागण्याइतका मी भाबडा नाही. माझी मागणी छोटी आहे. यापुढे कुणाला वर्गातून उठवाल तेव्हा सल्ला लेटरहेडवर द्या. त्यात तीन गोष्टी लिहा : प्रवेश रद्द करण्याचा अर्ज कोणत्या तारखेच्या आत द्यायचा, किती फी परत येईल, आणि पुढच्या विद्यापीठात कोणत्या वर्षाला कशाच्या आधारावर बसवणार. खाली तारीख, सही, शिक्का.

आणि वाचकहो, आपलं पोर कॉलेज सोडतो म्हणत असेल तर त्याला ओरडू नका, आधी त्याला घेऊन खिडकीवर जा, अर्ज द्या आणि पोच घ्या. या साहेबांच्या टेबलासमोर बसायची वेळ आलीच, तर खुर्चीत टेकण्याआधी एवढंच म्हणा, “हे लिहून देता?”

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुख्य लिपिक, विजयदुर्ग